नावेच्या गिअरबॉक्समध्ये तेल कोणतं घालायचं? लाल, काळं की ९० नंबर?

विश्वामित्रीकाठचा
मंडळी, मी राहतो बडोद्यात, पण भानगड चांदोदची आहे. माझा शाळेपासूनचा एक मित्र तिथे नाव चालवतो. मल्हारराव घाटावरून यात्रेकरूंना संगमावर न्यायचं, समोर कर्नाळीला कुबेरभंडारीच्या दर्शनाला सोडायचं आणि परत आणायचं, हा त्याचा धंदा. आजवर नावेत शेतीच्या पंपाचं इंजिन होतं, थेट शाफ्टला जोडलेलं. गिअर नाही, न्यूट्रल नाही. घाट जवळ आला की इंजिन बंद करायचं आणि बांबू टेकवायचा.

दिवाळीनंतर आम्ही दोघं अलंगला गेलो. तोडायला आलेल्या जहाजांच्या लाइफबोटी तिथे निघतात, त्यातलं दोन सिलिंडरचं एक डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट घेतलं. इंजिन झकास आहे. गिअरबॉक्स रिकामा होता. मित्राने डभोईच्या मेकॅनिकला विचारून त्यात ईपी ९० ओतलं. वर मलाच शिकवलं, "गिअरबॉक्स छे तो गिअर ऑइल ज होय ने!"

आता दोन तक्रारी आहेत. एक, न्यूट्रलला टाकलं तरी पंखा हळूहळू फिरतच राहतो. घाटाला लागलेली नाव पुढे सरकते आणि म्हाताऱ्या माणसांचा एक पाय पायरीवर, एक नावेत. दोन, रिव्हर्स टाकला की दोनतीन सेकंद काहीच होत नाही, मग एकदम धरतो.

मकरपुऱ्याचा तेलवाला म्हणतो ६८ नंबरचं हायड्रॉलिक घाला. माझा पुतण्या म्हणतो एटीएफ, ते ऑटोमॅटिक गाडीतलं लाल तेल. डभोईवाला ९० वर ठाम आहे. खरं काय?

मिस्त्रीबुवा
गिअरबॉक्सवर पाटी असते. ती वाचा.

विश्वामित्रीकाठचा
पाटी आहे हो, पण तिच्यावर केशरी रंगाचे तीन थर आहेत. नुसती चार स्क्रूंची डोकी दिसतात.

नाखवा_रेवदंडा
आमच्याकडे सगळ्या ट्रॉलरांना चायना गिअरबॉक्स, त्यात ४० नंबर इंजिन ऑइल. इंजिनात जे, तेच गिअरबॉक्सात. एकच ड्रम, एकच डबा, रात्री अंधारात तांडेलाचा गोंधळ नको. माझा गिअरबॉक्स सात वर्षं चाललाय. एटीएफ वगैरे शहरातले चोचले. पाण्यासारखं पातळ तेल, उन्हात आणखी पातळ होणार. ४० घाला आणि गप्प बसा.

आरामखुर्ची
जाणकारांच्या प्रतीक्षेत. तोवर कोणी सांगेल का, बडोद्याची शेव-उसळ रस्सा आधी पिऊन खायची की बरोबर?

तेलकट
मी वंगणाच्या धंद्यात बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

'गिअरबॉक्स' या शब्दाने सगळा घोळ होतो. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये, त्याहून डिफरन्शियलमध्ये, तेलाचं मुख्य काम दात वाचवणं. ईपी ९० मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं त्यासाठीच असतात. नावेच्या गिअरबॉक्समध्ये मात्र दातांबरोबर क्लचही त्याच तेलात बुडालेला असतो. पुढे जायला एक, मागे जायला दुसरा. त्या क्लचच्या चकत्यांनी एकमेकींना धरायचं की घसरायचं, हे बरंचसं तेल ठरवतं. म्हणून तेल निवडायचं ते क्लचकडे बघून.

मोटरसायकलवाल्यांना हे लगेच पटेल. बाइकचा क्लचही इंजिनच्या तेलात असतो. त्यात कारचं घर्षण कमी करणारं इंजिन ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो, म्हणून बाइकच्या डब्यावर 'जासो एमए' ही तेलातल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण बघून घेतात. नावेचंही तसंच.

मग तेल कोणतं? बनवणाऱ्यावर आहे. हुर्थचे छोटे गिअरबॉक्स (ती कंपनी पुढे झेडएफने घेतली) एटीएफ मागतात. बोर्ग-वॉर्नरचा जुना व्हेल्व्हेट ड्राइव्हही सहसा एटीएफवरच चालतो. पण तेवढ्याच चणीचा यानमारचा केएम२पी घ्या, त्याला इंजिन ऑइलच लागतं, कारण आतला क्लच चकत्यांचा नसून शंकूच्या आकाराचा आहे. पीआरएमचा १५० इंजिन ऑइलवर. नाखवा म्हणतात ते चायना मॉडेलही ३० किंवा ४० नंबर डिझेल इंजिन ऑइलवर. म्हणजे नाखव्यांचं त्यांच्या गिअरबॉक्सपुरतं शंभर टक्के बरोबर आहे.

६८ हायड्रॉलिक प्रेससाठी छान आहे. क्लचच्या घर्षणाचा हिशोब त्यात कोणी केलेला नसतो.

खंडेराव_मार्केट
तेलकटराव, एक शंका. ९० नंबर म्हणजे ४० च्या दुपटीहून जाड ना? मग ९० च्या जागी ४० कसं चालेल म्हणतात?

तेलकट
फार जणांचा हा समज असतो. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. १०० अंशांवर मोजलं तर ९० गिअर ऑइल आणि ४०-५० इंजिन ऑइल जवळजवळ सारख्याच जाडीचे भरतात. एटीएफ त्याच तापमानाला साधारण निम्म्या जाडीचं, ७ सेंटिस्टोकच्या आसपास.

नाखवा_रेवदंडा
बघा, निम्मं! तुम्हीच म्हणालात. बडोद्याला मे महिन्यात ४४ डिग्री. तेलाचं पाणी होईल.

तेलकट
नाखवा, ऑटोमॅटिक गाडीत हेच तेल ८०-१०० अंशांवर दिवसभर काम करतं. बाहेरच्या ४४ चं त्याला काय कौतुक? ज्याची फटी, बेअरिंग, सील पातळ तेलाच्या हिशोबाने बनवलीत त्याला पातळच द्यायचं. जाड दिलं तर चकत्यांच्या मध्ये तेल चिकटून बसतं आणि न्यूट्रलमध्येही एक चकती दुसरीला ओढत नेते. धागाकर्त्यांचा पंखा न्यूट्रलला का फिरतोय, माझ्या मते त्याचं उत्तर हेच. सकाळी थंडीत जास्त फिरतो आणि दुपारी कमी, असं होतं का?

विश्वामित्रीकाठचा
दंडवत! अगदी असंच होतं. पहिल्या फेरीला सगळ्यात जास्त. आम्ही समजत होतो सकाळी प्रवाह जोरात असतो.

बैलगाडी
अवांतर: डभोईचा विषय निघालाच आहे तर. १८६२ साली गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम छोट्या रुळांची गाडी सुरू केली, ती आधी बैल ओढायचे. न्यूट्रलला सरकत नव्हती, रिव्हर्सची तक्रार नव्हती. तेल लागायचं नाही, पेंड लागायची.

आरामखुर्ची
बैलगाडी, पेंड गिअर ऑइलच्या कोणत्या दर्जाची, जीएल-४ की जीएल-५?

पमाकाकू_राजमहाल_रोड
मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक आठवण सांगते. आम्ही नर्मदा परिक्रमा केली, बसने केली, खोटं कशाला सांगू. मैया मध्ये कुठे ओलांडायची नाही, म्हणून मुखापाशी दक्षिण तटावरून, विमलेश्वरच्या बाजूने, नावेत बसून समुद्रातून मिठी तलाईला उतरायचं. भरती आली की नाव सुटते, मग रात्र असो की पहाट. आम्ही खच्चून भरलेलो. कोणी नर्मदाष्टक म्हणतंय, कोणी ओकतंय.

निम्म्या वाटेत काय झालं, इंजिनचा आवाज एकदम चढला आणि नाव मात्र जागच्या जागी. पोटात गोळा आला हो. एक पोरगा खाली उतरला. हातात थंड पेयाची दोन लिटरची बाटली, तिच्यात काळं तेल. कुठेतरी ओतलं, पट्टी बाहेर काढून लुंगीला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा बघितली. पाचेक मिनिटांत नाव हलली. सगळ्यांनी 'नर्मदे हर' केलं. ते नक्की काय होतं?

तेलकट
काकू, तो बहुधा हायड्रॉलिक गिअरबॉक्स. त्यात आतला पंप तेलाच्या दाबाने क्लच दाबून धरतो. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच सुटतो. इंजिन मोकळं गरगरतं. तेल भरलं की दाब परत येतो. खरा प्रश्न ते तेल गेलं कुठे हा. त्या पोराने बाटली हाताशी ठेवली होती, म्हणजे गळती त्याला आधीपासून माहीत होती.

पमाकाकू_राजमहाल_रोड
हे तेव्हा कळलं नाही तेच बरं. आणि विश्वामित्रीकाठचे, तुमच्या मित्राकडे जॅकेटं आहेत ना सगळ्यांना पुरतील इतकी? १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात १२ लेकरं आणि २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून नाव म्हटलं की मी आधी तेच विचारते. तेल नंतर.

विश्वामित्रीकाठचा
आहेत काकू. घातल्याशिवाय तो दोर सोडत नाही. लोक फोटोसाठी काढतात, मग ओरडतो.

खंडेराव_मार्केट
एटीएफ लालच का असतं पण?

तेलकट
रंग घातलेला असतो, इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. गळलं तर जमिनीवरच्या डागावरून कळतं कुठून आलं. वंगण म्हणून त्या रंगाला काही अर्थ नाही. आणखी एक ऐका. पूर्वी या तेलात क्लच मऊपणे धरावा म्हणून स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळत. १९७० च्या सुमारास अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली.

मिस्त्रीबुवा
व्हेल मासा नव्हे. सस्तन प्राणी.

आरामखुर्ची
मिस्त्रीबुवांनी पाटी वाचली.

अर्धी_ओढ
आठवडाभराने धागा वाचतोय. तेलाचं सगळं मान्य, पण दुसऱ्या तक्रारीबद्दल कोणीच बोललं नाही. रिव्हर्स उशिरा धरतो, त्याचा दोष तेलाला देण्याआधी केबल बघा.

हुर्थच्या छोट्या गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबाने क्लच लागत नाही. लिव्हर फिरली की आत पोलादी गोळ्या उतारावर चढतात आणि चकत्या दाबतात. सुरुवातीची ढकल तुमच्या हाताची, म्हणजे केबलची. बाहेरची लिव्हर न्यूट्रलपासून दोन्हीकडे सारखी आणि पुरेशी फिरली पाहिजे. नवीन इंजिन जुन्या नावेत बसवलं की केबल कशीतरी जुळवलेली असते. पुढे पूर्ण ओढ, मागे अर्धी. मग क्लच अर्धवट धरतो, घसरतो, तापतो, चकत्या जळतात आणि लोक तेल बदलत बसतात. मी स्वतः दोनदा तेल बदललं आणि तिसऱ्यांदा चकत्या बदलल्या, म्हणून सांगतोय. केबल कंट्रोलकडे न बघता गिअरबॉक्सच्या टोकाला सोडा, लिव्हर हाताने दोन्हीकडे फिरवा आणि किती जाते ते खुणा करून मोजा.

नाखवा_रेवदंडा
+१. हे बरोबर बोललात. आमच्याकडेही नवीन पोरं लिव्हर हळू हळू टाकतात, गाडीचा क्लच सोडल्यासारखी. एका झटक्यात टाकायची असते, इंजिन आयडलला आणून.

विश्वामित्रीकाठचा
मंडळी, रविवारी चांदोदला जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

आधी पाटी. पेंट रिमूव्हर लावला, दहा मिनिटं थांबलो, लाकडी पट्टीने खरवडला. पहिला केशरी, खाली राखाडी, खाली पुन्हा केशरी. मग पितळी रंगाचा पत्रा दिसायला लागला. हुर्थ, एचबीडब्ल्यू १५०, खाली रेशो आणि एका कोपऱ्यात तीनच अक्षरं: ए टी एफ. मित्र बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "आ तो लखेलुं ज हतुं!"

तेल काढायचा बूच खाली आहे आणि खाली नावेचा तळ, मध्ये चार बोटं जागा. पाना जाईना. शेवटी मेडिकलच्या दुकानातून ५० मिलीची मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणली, तेल मापायच्या पट्टीच्या भोकातून नळी सोडली आणि ओढत बसलो. ९० नंबर इतकं जाड की दट्ट्या ओढून अंगठा सुजला. मग इंजिन जरा चालवून तेल गरम केलं, तेव्हा यायला लागलं. तेल काळपट, चकत्यांची बारीक भुकटी, वास मात्र जळका नाही, गंधकाचा. तेलकटराव, तव्यावर थेंब टाकून बघितला, तडतडला नाही. पाणी नाही.

पट्टीचीही गंमत झाली. मित्र आजवर पट्टी आटे फिरवून पूर्ण बसवायचा आणि मग मापायचा. मिस्त्रीबुवांना फोन केला तर म्हणाले या गिअरबॉक्सला पट्टी नुसती टेकवायची, फिरवायची नाही. आट्यांइतकी पट्टी जास्त बुडत होती, म्हणजे तेल इतके दिवस कमीच होतं.

एटीएफ शोधायला डभोईत दोन दुकानं फिरलो, "नथी". तिसऱ्याने विचारलं, "पॉवर स्टिअरिंगनुं जोइए छे?" डब्यावर बारीक अक्षरात एटीएफ, डेक्स्रॉन ३. घेतलं. आधी थोडं घालून पाच मिनिटं चालवून काढलं, ते तपकिरी निघालं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा भरलेलं लालच राहिलं.

निकाल: न्यूट्रलला पंखा थांबतो. सकाळच्या पहिल्या फेरीलाही. मित्राने घाटाला लावून दोर न बांधता हात सोडून दाखवला.

रिव्हर्स मात्र तसाच. दोन सेकंद, मग धक्का.

अर्धी_ओढ
😊

तेलकट
पट्टीचं ऐकून मी डोक्याला हात लावला. डब्याबद्दल एकच. डेक्स्रॉन हे नाव जनरल मोटर्सचं, आणि डेक्स्रॉन ३ चे परवाने त्यांनी २००६ च्या अखेरीस थांबवले. म्हणजे आज डब्यावर जे 'डेक्स्रॉन ३' लिहिलेलं असतं तो तेल कंपनीचा स्वतःचा दावा. चांगल्या कंपनीचं असेल तर काळजी नको, पण सुटं, मापाने विकतात ते घेऊ नका. डेक्स्रॉन ६ आणखी पातळ आहे. गिअरबॉक्सच्या पुस्तकात त्याचं नाव असेल तरच. सीव्हीटी फ्लुइड तर हातही लावू नका, तेही कधी कधी लाल असतं. आणि हे भरलेलं पंचवीसेक तासांनी एकदा बदला, आतला उरलासुरला ९० निघून जाईल. गुलाबी दुधासारखं दिसलं तर समजा पाणी शिरलंय.

पमाकाकू_राजमहाल_रोड
तो तवा कुणाच्या घरचा होता? आणि ते काढलेलं तेल मैयात ओतलं नाहीत ना?

विश्वामित्रीकाठचा
नाही काकू, डब्यात भरून बडोद्याला आणलं, मकरपुऱ्यात जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे देतोय. तवा चहाच्या टपरीवरचा. टपरीवाली अजून बोलत नाही.

खंडेराव_मार्केट
केबलचं काय झालं पुढे? धागा अर्धवट सोडू नका.

विश्वामित्रीकाठचा
काल पुन्हा गेलो. अर्धी_ओढ यांनी सांगितलं तसं केबल सोडली, खडूने खुणा केल्या. हाताने लिव्हर दोन्हीकडे सारखी जात होती. केबल जोडून बघितलं तर पुढे जवळजवळ तेवढीच, मागे निम्म्याहून थोडी जास्त. कारण बघायला नावेत खाली वाकलो. केबल जिथे चिमट्याने पकडतात तो चिमटा मित्राने लाकडात एका खिळ्यावर बसवला होता. रिव्हर्सला ओढ लागली की खिळाच वाकायचा आणि ओढ त्यातच संपायची. लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली, केबलचं टोक दोन आटे आत घेतलं. आता टाकल्याबरोबर धरतो. नाव घाटापासून मागे निघाली तेव्हा मित्राच्या बायकोने पहिल्यांदाच विचारलं की हे इंजिन केवढ्याला पडलं. आम्ही दोघांनीही ऐकू न आल्यासारखं केलं.

अर्धी_ओढ, तुमची शेव-उसळ लागू.

अर्धी_ओढ
चकत्या थोड्या तरी झिजल्याच असतील, इतके दिवस घसरलात. पावसाळ्यात नाव वर काढाल तेव्हा धक्का परत येतोय का बघा. शेव-उसळ तिखट.

नाखवा_रेवदंडा
मी अजून म्हणतो ४० ने चाललं असतं.

मिस्त्रीबुवा
तुमच्यात.

बैलगाडी
उरलेला ईपी ९० चा डबा विकायचा आहे का? आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलचं पुस्तक बघून सांगतो.

आरामखुर्ची
आणि रस्सा आधी की बरोबर, ते राहिलंच.